सातव्या गाण्याचा अर्थ

माझ्या भावोजींना सगळा भाग डॉक्टर म्हणतो आणि ते डॉक्टर नाहीत. जनावरांच्या दवाखान्यात ते ड्रेसर आहेत. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, सुई टोचताना जनावर धरून ठेवायचं, हे त्यांचं काम, आणि गेली एकतीस वर्षं तेच. खऱ्या डॉक्टर म्हणजे तिथल्या मॅडम. पण मॅडम तीन-चार वर्षांनी बदलतात आणि भावोजी बदलत नाहीत, त्यामुळे लोक मॅडमच्या टेबलासमोर उभं राहून त्यांनाच विचारतात, की डॉक्टर आहेत का. हल्लीच्या मॅडम समजूतदार आहेत. त्या मागच्या शेडकडे बोट दाखवतात आणि आपलं लिहीत बसतात.

मी त्यांची मेहुणी. ते तिसऱ्या मजल्यावर राहतात, मी त्याच जिन्याच्या तळाशी एका खोलीत. उसवलेलं शिवणं, सैल झालेलं आत घेणं, तंग झालेलं सोडवून देणं, यावर माझं चालतं. भावोजी मला 'कातर' म्हणतात, आणि ते धंद्यावरून नाही, जिभेवरून. मला राग लवकर येतो हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे तो येणार आहे.

भावोजींना राग येत नाही आणि प्रश्नही विचारता येत नाहीत. ज्यांना उत्तर देता येत नाही अशांच्या संगतीत त्यांचा जन्म गेला. ते नुसते बघतात. जनावर कोणत्या पायावर भार टाकतंय, कान कुठे वळवतंय, पाणी पिताना मध्येच थांबतंय का, श्वास मिनिटाला किती. माणसांनाही ते तसंच बघतात. पहिल्या भेटीत माझ्याकडे इतका वेळ बघत होते, की मला वाटलं आता दात मोजून वय सांगणार.

त्यांची एक सवय सांगायलाच हवी. काही जनावरं उपचारापलीकडे गेलेली असतात. मालक मान हलवतो, मॅडम शेवटची सुई भरतात. त्या वेळी भावोजी जनावराचं डोकं मांडीवर घेतात, कपाळावर तळहात ठेवतात आणि गुणगुणतात. शब्द नसतात, चालही धड नसते, तीन-चार सूर नुसते खाली-वर. जनावर शांत होतं आणि मग सुई टोचतात. एकदा ते डबा विसरले म्हणून ताई दवाखान्यात गेली आणि शेडच्या दारातून तिने ते सगळं पाहिलं. घरी आल्यावर ती त्यांना एवढंच म्हणाली, की घरात गुणगुणायचं नाही. त्यानंतर कपडे वाळत घालताना ते चुकून सुरू झाले, की ती आतून भांडं आपटायची आणि ते गप्प व्हायचे. आम्हाला त्याचं हसू यायचं.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण. पंचवीस वर्षं तिने पुस्तकबांधणीच्या कारखान्यात कागदाला घड्या घातल्या, आणि घड्या घालता घालता ती गाणी रचायची. विषय भावोजी पुरवायचे. संध्याकाळी घरी येऊन ते कोपरापर्यंत दोनदा हात धुतात आणि ओट्याशेजारच्या स्टुलावर बसून दिवसभरातली जनावरं सांगतात. ताई भाजी चिरत ऐकते, मध्ये एक अक्षर बोलत नाही. आठवडाभराने तिच्या तोंडी नवं गाणं असतं. तिचा नियम एकच: माहिती चुकली की गाणं खोटं. भावोजींनी डावा पाय सांगितला असेल तर गाण्यात डावाच. एकदा 'उजवा' हा शब्द चालीत जास्त चांगला बसत होता, तर बाईने चाल बदलली, पाय बदलला नाही.

पाच-सहा वर्षांपूर्वी दवाखान्यात एक घोडा आणला होता. त्याने कुठलासा विषारी पाला खाल्लेला. त्या संध्याकाळी भावोजींनी ताईला समजावून सांगितलं, की घोड्याला ओकता येत नाही. कुत्रा ओकून मोकळा होतो, मांजर होतं, माणूस होतो. घोड्याच्या पोटाच्या तोंडाशी इतकी घट्ट झडप असते, की गेलं ते परत येत नाही. तो घोडा वाचला नाही. त्यावरचं ताईचं गाणं भावोजींचं सगळ्यांत लाडकं. ते पट्ट्या गुंडाळतानाही म्हणायचे:

गिळलं ते गिळलं, माघारी येईना,
घोड्याच्या जातीला ओकता येईना.

तर, गोष्ट सुरू झाली ती वाचनालयात. तिथे शनिवारी दुपारी आम्ही पंधरा-वीस बायका गाण्यांसाठी जमतो. ग्रंथपाल जाड चष्म्याचे गृहस्थ आहेत, शब्दांचे मोठे शौकीन. त्यांच्या मनात आलं, की ताईच्या सात गाण्यांची एक पुस्तिका काढावी आणि प्रत्येक गाण्याखाली अर्थ छापावा. अर्थ लिहायला ताईने साफ नकार दिला. म्हणाली, गाणं मी दिलं, आता अर्थही मीच द्यायचा म्हणजे ताट वाढून घासही भरवायचा. मग ग्रंथपालांनी भावोजींना धरलं. जनावरं त्यांचीच होती ना.

पहिल्याच बैठकीत दोघांचं वाजलं. एका गाण्यात वासरू मेलेली गाय आहे. तिने पान्हा सोडावा म्हणून मालक वासराच्या कातड्यात भुसा भरून ते तिच्यापुढे ठेवतो, ती ते चाटते आणि दूध देते. ग्रंथपाल भरल्या आवाजात म्हणाले, की इथे गाय म्हणजे मूल गमावलेली आई, भुसा म्हणजे समाजाची खोटी सांत्वनं. भावोजी सहसा कुणाला विरोध करत नाहीत, पण त्या दिवशी केला.

"गाय म्हणजे गाय," ते म्हणाले. "मी पाहिलीय ती. तिचं दुःख तिचं तिला राहू द्या की. माणसांना स्वतःची काय कमी आहेत?"

मला ते फार आवडलं. मी घरी येऊन ताईला चढवून-वाढवून सांगितलं. ताई हसली, पण पुरती नाही.

मग भावोजी रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर अर्थ लिहायला बसू लागले. त्यांना लिहिण्याची एकच रीत माहीत, केसपेपरची. 'रोगी: कुत्री, तांबडी, वय अंदाजे चार. तक्रार: मागचा डावा पाय चाकाखाली. गाण्यात ती रस्त्याकडे बघत राहते असं म्हटलं आहे. ते बरोबर आहे. पिल्लं पलीकडे होती.' असे त्यांचे अर्थ. ग्रंथपालांनी कपाळाला हात लावला, पण मला विचाराल तर ते सगळं वाचणाऱ्याच्या सरळ काळजाला हात घालणारं होतं. सहा गाणी अशी झाली. सातवं त्यांनी शेवटी ठेवलं, कारण त्यात चूक होती.

ते गाणं ताईने त्याच्या तीन महिने आधी पहिल्यांदा म्हटलं होतं. शनिवारीच, सगळ्यांसमोर, आणि त्या दिवशी भावोजीही तिला न्यायला आलेले.

गव्हाणीच्या मागे घोडी गुपचूप ओकते,
पायानं पेंढा वर लोटून झाकते.
उजव्या कुशीवर तिला निजवेना,
वैरण समोर, घास गिळवेना.
धन्याच्या हाताची तिला ओळख फार,
याच हाताखाली निजली मागची चार.

गाणं संपल्यावर भावोजी दारातून मोठ्याने म्हणाले होते, "अगं, घोडी ओकत नाही." सगळ्या बायका हसल्या, मीही हसले. तेव्हापासून ती आमच्या घरातली थट्टाच झाली. कुणी काही चुकलं, मीठ जास्त पडलं, किल्ली विसरली, की भावोजी म्हणायचे, घोडी ओकली वाटतं. ताई कधी हसायची, कधी नाही. पुस्तिकेची वेळ आली तेव्हा त्यांनी तिला गंभीरपणे सांगितलं, की आता छापायचं आहे, तेवढी ओळ दुरुस्त कर, लोक हसतील. ताई म्हणाली, आहे तशी राहू दे, तुम्ही हसलात तसे तेही हसतील. इतकं तोडून ती त्यांच्याशी कधी बोलत नसे. भावोजींना वाटलं, थट्टा जरा जास्तच झाली.

त्यानंतरच्या मंगळवारी सकाळी दवाखान्यात पोटशुळाची एक घोडी आली. पुढचं मला भावोजींनी सांगितलं आणि नंतर मॅडमनीही. घोडी घामाने निथळत होती, वळून वळून आपल्या कुशीकडे बघत होती. मॅडमनी तिच्या नाकातून पोटापर्यंत नळी घालायला घेतली आणि भावोजींनी डोकं धरलं. मालक बिचारा रडकुंडीला आलेला. तो म्हणाला, नळी कशाला, तिला एकदा ओकू द्या, मोकळी होईल. भावोजींनी नेहमीसारखं, वर न बघता उत्तर दिलं, की घोड्याच्या जातीला ओकता येत नाही, गिळलं ते गिळलं.

आणि ते थांबले. शब्द ताईचे होते. तिला हे माहीत होतं. नुसतं माहीत नव्हतं, तिने त्यावर गाणं केलं होतं. जी बाई डाव्या पायासाठी चाल बदलते, ती हे विसरेल? मॅडम म्हणाल्या, की नळी नीट धरा असं त्यांना दोनदा सांगावं लागलं. एकतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. घोडीला आराम पडला, आणि मॅडमनी भावोजींच्या चेहऱ्याकडे बघून त्यांना घरी जायला सांगितलं.

ते वर गेले नाहीत. माझ्या खोलीत आले, शिवणयंत्राशेजारी खाली बसले आणि अर्थ लिहिण्यासाठी पिशवीत बाळगलेली ताईची गाण्यांची वही उघडून दोन्ही गाणी माझ्यासमोर धरली. मी म्हटलं, मग काय, म्हातारपणी माणूस विसरतं. त्यांनी मान हलवली.

"ही घोडी नाही, कातर," ते म्हणाले. "हे सगळं एखाद्या बाईला होऊ शकतं. घोडीला नाही."

मी पुन्हा वाचलं. उजव्या कुशीवर निजवेना. घास गिळवेना. वाचता वाचता माझं लक्ष खुंटीकडे गेलं. तिथे ताईचा राखाडी झगा टांगलेला होता, आत घ्यायला दिलेला. दोन महिन्यांपूर्वी मी तो दोन्ही बाजूंनी बोटभर आत घेतला होता, आणि आता ती पुन्हा घेऊन आली होती. मी तोंडात टाचण्या धरून तिला म्हटलं होतं, बरं झालं बाई, जरा आटोपशीर झालीस. आकडा माझ्या हातात होता. माप माझ्या वहीत लिहिलेलं होतं, एकाखाली एक, तीन मापं. भावोजी गाणं ऐकून हसले आणि मी टाके घालून मोकळी झाले. मला स्वतःचा इतका संताप आला, की मी तशीच जिन्याकडे निघाले. सरळ वर जाऊन तिला दंडाला धरून हॉस्पिटलात न्यायचं, एवढंच डोक्यात होतं.

भावोजींनी मला दारात अडवलं. म्हणाले, दुखऱ्या जनावराच्या अंगावर समोरून धावून जायचं नसतं. ते दुखणं आणखी आत घेतं. बाजूने जायचं. मी म्हटलं, माझी बहीण जनावर नाही. ते म्हणाले, म्हणून तर जास्त लपवेल. आणि खरंच होतं ते. ताईला बरं नाही का असं कुणी विचारलं, की तिचं उत्तर ठरलेलं: मला काय धाड भरलीय.

दोन दिवस ते नुसते बघत होते, आणि ते दोन दिवस माझे कसे गेले ते मलाच ठाऊक. काही ना काही निमित्त काढून मी वर जायची. ताई ताटात नेहमीएवढंच वाढून घेई, चार घास खाई, आणि भावोजी पाण्याला उठले की उरलेलं परत पातेल्यात टाकी. बसताना डावा हात टेकायची. जेवणानंतर मोरीत जायची आणि नळ मोठा सोडायची. हा नळ गेले चार महिने तसाच वाहत होता आणि आम्हाला ती स्वच्छता वाटत होती. बुधवारी संध्याकाळी नळ सुटला तेव्हा भावोजींनी घड्याळ बघितलं. मी त्यांना खुणेने म्हटलं, विचारा ना. ते घड्याळाकडेच बघत राहिले. माझा जीव टांगणीला लागला होता आणि हा माणूस मिनिटं मोजत होता.

गुरुवारी ते कामावर गेले नाहीत. दुपारी मी राखाडी झग्याचं निमित्त करून वर गेले. ताई टेबलापाशी शेंगा सोलत बसली होती. भावोजी तिच्या समोर नाही, बाजूच्या खुर्चीवर बसले. पुढ्यात कोरा केसपेपर ठेवला आणि पेन उघडलं. मला वाटलं सातव्या गाण्याचा अर्थ लिहिणार.

"घोडीला कधीपासून होतंय?" त्यांनी कागदाकडे बघत विचारलं.

ताईचा हात थांबला. मला वाटलं आता भांडं आपटणार. पण तिने एक शेंग उचलली आणि सोलत सोलत म्हणाली, "चार महिने झाले. पाचवा लागला."

"रोज?"

"आधी आठवड्यातून एकदा. आता रोज."

"खाल्ल्यावर लगेच, की उशिराने?"

"उशिराने. सकाळचं संध्याकाळी निघतं, जसंच्या तसं."

"रंग?"

"मागच्या आठवड्यात एकदा काळं होतं. चहाच्या चोथ्यासारखं."

भावोजींचं पेन तिथे जरा वेळ अडकलं. मग त्यांनी तेही लिहिलं. "वजन?" त्यांनी विचारलं.

"ते हिला विचारा," ताई माझ्याकडे न बघता म्हणाली. "हिने दोनदा आत घेतलंय."

माझ्या हातातला झगा मी खुर्चीवर ठेवला. 

"मालकाला का नाही सांगितलं?" भावोजींनी विचारलं. आवाज इतका खाली गेला होता, की मीच पुढे वाकले.

"घोडीने मालकाचा हात बघितलाय," ताई म्हणाली. "तो कपाळावर आला की पुढे काय होतं, ते शेडच्या दारातून बघितलंय." मग तिने पहिल्यांदा त्यांच्याकडे मान वळवली. "घोडी ओकत नाही हे मला माहीत नाही होय? तुम्हीच सांगितलंत. तोंडाने सांगायला धीर होत नव्हता. म्हटलं, गाण्यात एक चूक करून ठेवावी. दुसऱ्या कुणाला नाही, तरी तुम्हाला दिसेल."

"दिसली मला," भावोजी म्हणाले.

"हो. आणि हसलात."

भावोजी उठले, मोरीत गेले आणि नळ मोठा सोडला. आम्ही दोघी शेंगा सोलत बसलो. सोलून झालेल्या सालीही मी पुन्हा सोलत होते.

त्यानंतर सगळं भराभर झालं, आणि त्यातलं काहीच भराभर वाटलं नाही. हॉस्पिटलात दुर्बीण घालून तपासलं. जठराच्या खालच्या तोंडाशी गाठ होती, अन्न पुढे सरकायला वाटच उरली नव्हती. तुकडा तपासायला पाठवला. अहवाल यायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत मी चार गिऱ्हाइकांचे कपडे उलटे शिवले. भावोजींनी जनावरं सांगणंच बंद केलं होतं, तर ताईच म्हणाली, की मी आजारी आहे, बहिरी नाही. मग ते पुन्हा स्टुलावर बसून सांगू लागले. पण ज्या जनावरांना घरी सोडलं तेवढीच सांगायचे. ताईच्या ते लगेच लक्षात आलं. ती मला जिन्यात म्हणाली, या आठवड्यात दवाखान्यात काय चमत्कार चाललेत बघ, एकही मेलं नाही.

अहवाल आला तो आम्हाला नको होता तसाच आला. सर्जननी समोर बसवून स्पष्ट सांगितलं. गाठ एका जागी असेल तर ती आणि जठराचा मोठा भाग काढता येईल, तीन-चार तास लागतील. पण ती आतमध्ये पसरलेली दिसली तर हात लावणार नाही, उघडलेलं तसंच शिवून टाकू, तासाभरात बाहेर येऊ. उसवायचं आणि काही न करता परत शिवायचं, हे काय असतं ते मला कुणी समजावून सांगायला नको होतं. 

ऑपरेशन सोमवारी सकाळी होतं. ताईला स्ट्रेचरवर घेतलं, हिरव्या चादरीत ती फार लहान दिसत होती. लांब पॅसेजच्या टोकाला दोन झुलती दारं. स्ट्रेचर ढकलणारा माणूस दारापाशी थांबला, आतून बोलावणं यायचं होतं. भावोजींना काय करावं ते सुचेना. त्यांचा हात आपोआप उठला आणि ताईच्या कपाळावर जाऊन टेकला. आणि लगोलग ते सूर सुरू झाले, तेच, खाली-वर. त्यांना स्वतःला पत्ताच नव्हता. 

"गुणगुणू नका," ताई म्हणाली.

ते चटका बसल्यासारखे थांबले. हात काढू लागले, तर तिने मनगट धरून तो तिथेच ठेवला.

"हात असू दे. गुणगुणू नका."

"मग काय करू?" त्यांनी विचारलं. मोठा माणूस इतक्या केविलवाण्या आवाजात विचारताना मी पाहिलेला नाही.

"अर्थ सांगा. सातव्याचा राहिलाय."

 भावोजी दाराकडे बघत म्हणाले, "अर्थ एवढाच, की घोडी सांगत होती आणि मालक हसत होता."

"हे नका लिहू. आपल्या घरातलं लोकांना कशाला?"

"मग काय लिहू?"

आतून दार उघडलं. स्ट्रेचर हलला तशी ताईने त्यांचं मनगट सोडलं.

"खरं तेच लिहा," ती म्हणाली. "घोडी ओकत नाही."

बाकावर आम्ही दोघं बसलो. समोर भिंतीवर घड्याळ होतं. जन्मभर मी उशीर करणाऱ्यांवर ओरडत आले, आणि त्या सकाळी प्रत्येक मिनिटाला म्हणत होते, अजून नको, अजून नको. पाऊण तास झाला तेव्हा दार हललं. भावोजी उभे राहिले. एक नर्स रिकामा डबा घेऊन बाहेर आली, आमच्याकडे न बघता निघून गेली. ते पुन्हा बसले. तास झाला, मी घड्याळाकडे बघणं सोडलं आणि खालच्या फरशा मोजत बसले. सव्वा तास, दीड तास. दोन तासांनी भावोजी एवढंच म्हणाले, की अजून काम चाललंय. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. सर्जन बाहेर आले तेव्हा पावणेचार तास झाले होते.

आता ताई दिवसातून सहा वेळा वाटीभर खाते. दर तीन महिन्यांनी तपासणी असते, आणि तिच्या आधीचा आठवडा आमच्यापैकी कुणाचाच धड जात नाही. राखाडी झगा मी उसवून बोटभर सोडलाय. सर्जन म्हणाले, पाच वर्षं गेली की निर्धास्त व्हा. सात महिने गेलेत.

पुस्तिका मागच्या आठवड्यात छापायला गेली. छपाईच्या आधी ग्रंथपालांचा फोन आला तेव्हा मी वरच होते. ते म्हणत होते, की सहा गाण्यांना पानभर अर्थ आहे आणि सातव्याखाली फक्त तीन शब्द, 'घोडी ओकत नाही', हे काही गहाळ तर झालं नाही ना. भावोजी म्हणाले, नाही, तेवढाच आहे, माहिती बरोबर आहे, छापा. ग्रंथपाल पलीकडून आणखी काही बोलत होते, पण भावोजींचं लक्ष उडालं होतं. ताई स्टुलावरून उठताना डावा हात टेकून उठली होती. ते तिच्याकडे बघत होते, कान, श्वास, पाय, सगळं.

"नुसते बघू नका," ताई म्हणाली. "विचारा."

त्यांनी फोन खाली ठेवला.

"दुखतंय का?" त्यांनी विचारलं.

"थोडं," ती म्हणाली, आणि कुठे ते बोटाने दाखवलं.